निरोगी पेशी कुणाच्या?

पॅप चाचणीचा इतिहास म्हटला की जॉर्ज पापानिकोलाऊ हे एकच नाव पुढे येते. त्यांचे श्रेय कुणी नाकारत नाही. पण काचपट्टीवर रोगट पेशी ओळखायची तर आधी निरोगी पेशी हजारदा पाहावी लागते. ती कुणाच्या शरीरातून आली? त्यांची पत्नी अँड्रोमाकी वर्षानुवर्षे स्वतःचे नमुने देत राहिली, प्रयोगशाळेतही राबली. तिला मात्र एका ओळीत उरकतात.

गर्भाशयमुखावर बाहेरून फरशीसारख्या चपट्या पेशी असतात. आतल्या नळीत उभट, चिकट स्राव तयार करणाऱ्या. या आतल्या पेशी निरोगी असल्या की वरून मधमाशीच्या पोळ्यासारख्या दिसतात, बाजूने कुंपणाच्या खांबांसारख्या. केंद्रके गोल, एकसारखी, बुडाशी. ओळ मोडली, केंद्रके मोठी आणि गडद होऊन एकमेकांवर चढली, की संशय घ्यायचा.

आता १९५१ च्या बाल्टिमोरला चला. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कृष्णवर्णीयांचा वॉर्ड वेगळा होता. तंबाखूच्या शेतात राबत वाढलेली, पाच मुलांची आई हेन्रिएटा लॅक्स तिथे दाखल झाली. उपचारापूर्वी डॉक्टरांनी दोन तुकडे कापले, एक गाठीचा, एक शेजारच्या निरोगी भागाचा. तिला विचारले नाही, सांगितलेही नाही. प्रयोगशाळेत निरोगी पेशी मेल्या, गाठीच्या वाढतच गेल्या. त्याच 'हेला' पेशी. पोलिओ लशीच्या चाचणीत त्या वापरल्या गेल्या, पुढे जगभर विकल्या गेल्या. ती स्वतः ४ ऑक्टोबर १९५१ ला वारली. कबरीवर दगडही नव्हता.

आणि निदान? चपट्या पेशींचा कर्करोग, असे कागदावर लिहिले गेले. सुमारे वीस वर्षांनी जुने नमुने पुन्हा पाहिले तेव्हा कळले की रोग ग्रंथींच्या पेशींचा होता. तेव्हा उपचार दोन्हींवर सारखेच होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण जिच्या पेशींवर जग संशोधन करत होते, तिच्या पेशींची जातकुळी तपासायला कुणाला घाई नव्हती!

नावाचेही तेच. कित्येक वर्षे 'हेलन लेन' असे खोटे नाव फिरत होते. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर हॉवर्ड जोन्स आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एक लेख लिहिला. निदानाची दुरुस्ती आणि हेन्रिएटा लॅक्स हे खरे नाव, दोन्ही त्याच लेखात छापले गेले.