मोबाइलची पिढी नेमकी कधी येते?

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीला संचार भवनात फोन लावला. पलीकडे होते केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम. भारतातला पहिला मोबाइल कॉल म्हणून याची नोंद आहे आणि ती योग्यच आहे. पण त्या दिवशी मोबाइल भारतात ‘आला’ असे म्हणायचे का? गर्दीच्या वेळी बोलण्याचा दर मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास होता, आणि दुसऱ्याने आपल्याला फोन केला तरी आपल्यालाच पैसे पडत. अशा वस्तूचा नंबर देतानाही माणूस हात आखडता घेणार.

मोबाइलच्या इतिहासात उद्घाटनाच्या तारखा ठळक छापल्या जातात. आगमनाच्या तारखा शोधाव्या लागतात. माझ्या मते पहिल्या खेपेची खरी तारीख १ मे २००३ ही आहे. त्या दिवसापासून आलेला कॉल फुकट झाला. मधल्या आठ वर्षांत रेडिओलहरींचे शास्त्र बदलले नव्हते, बदलला होता हिशेब. सुरुवातीला कंपन्यांनी परवान्यासाठी भरमसाट ठरावीक शुल्क कबूल केले होते आणि त्या ओझ्याखाली त्या वाकल्या. १९९९च्या धोरणाने त्याऐवजी उत्पन्नातला वाटा घेण्याची पद्धत आणली. मग दर उतरू लागले. कॉल घेणे फुकट झाल्यावर तर आपल्या लोकांनी न उचलण्याच्या कॉललाही अर्थ दिला. एक रिंग म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘खाली ये’. मिस्ड कॉल हा कोणत्याही अभियंत्याच्या आराखड्यात नव्हता.

ती दुसरी पिढी होती, म्हणजे टू-जी. पहिल्या पिढीत आवाज जसाच्या तसा लहरींवर स्वार होई. दुसरीने त्याचे अंकांत रूपांतर केले. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएम पद्धतीचे पहिले व्यापारी जाळे सुरू झाले. शहराचे लहान लहान ‘सेल’ पाडायचे, प्रत्येकात एक मनोरा, आणि दूरच्या सेलमध्ये तीच वारंवारिता पुन्हा वापरायची, ही युक्ती त्याआधीची. लहरींचा प्रवास मात्र फोनपासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतच. पुढचे बहुतेक अंतर तारांतून कापले जाते. ‘वायरलेस’ हा शब्द त्या मानाने बराच उदार आहे.

याच पिढीने एसएमएस दिला. फोन आणि मनोरा यांच्यात खाणाखुणांसाठी जी अरुंद वाट असते, तिच्यातून तो जातो. एका संदेशाला जागा १४० बाइट. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरी युनिकोडला सोळा बिट लागतात, म्हणून ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येकी वेगळे मोजले जातात. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहा: मधल्या जागा धरून २७ खाणी भरली, एक तृतीयांशाहून अधिक संदेश संपला. शिवाय अनेक साध्या हँडसेटवर देवनागरी उमटतच नसे. मराठी माणूस रोमन लिपीत मराठी लिहू लागला याचे खापर आपण आळसावर आणि इंग्रजी शाळांवर फोडतो. थोडे या १४० बाइटांवरही फोडायला हवे.

थ्री-जीची कथा थोडक्यात संपते. २०१०च्या लिलावात सरकारला सुमारे ६७,७०० कोटी रुपये मिळाले, पण ही पिढी घरोघर पोचण्याआधीच पुढची दारात उभी राहिली. फोर-जीचे उद्घाटन एप्रिल २०१२ मध्ये, पुन्हा कोलकात्यातच, एअरटेलने केले. आगमन मात्र ५ सप्टेंबर २०१६चे, जिओने सुरुवातीला मोफत सेवा दिली तेव्हाचे. फोर-जीत आवाजासाठी राखीव वाट नसते. बोलणेही इतर माहितीसारखे तुकड्यातुकड्यांनी जाते. जिओकडे जुन्या पिढीचे जाळे नव्हतेच. त्यामुळे साधा टू-जी हँडसेट तिथे निरुपयोगी ठरला, आणि पुढच्याच वर्षी कंपनीला दीड हजार रुपयांच्या अनामतीवर स्वतःचा बटणांचा फोन काढावा लागला. लहर पोचली होती, हातातले यंत्र पोचले नव्हते.

फाइव्ह-जीचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीत झाले. आधीच्या लिलावात दीड लाख कोटींच्या लहरी विकल्या गेल्या. त्यातल्या २६ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. माहिती खूप वाहते, पण भिंत आडवी आली की अडते. (इतक्याच आखूड लहरींवर जगदीशचंद्र बोस १८९०च्या दशकात प्रयोग करत होते. तेही कोलकात्यात!) म्हणून मुख्य भिस्त ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. तिथेही अनेक अँटेनांनी झोत नेमका तुमच्या फोनकडे वळवावा लागतो, मनोरे दाट लागतात आणि शक्य तिथे मनोऱ्यापर्यंत ऑप्टिकल फायबर न्यावी लागते. खोदकामाची परवानगी देणारी नगरपालिका या तंत्रज्ञानाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

जिओने फाइव्ह-जीसाठी स्वतंत्र जाळे उभारले. एअरटेलने सुरुवातीला ते फोर-जीच्या आधाराने चालवले: फोनवर आकडा पाचचा, कारभार बराचसा चौथ्या पिढीच्या हाती. एकत्र कुटुंबात नव्या सुनेच्या नावाने दुकान असावे आणि किल्ल्या सासूच्या कमरेला, तसेच हे. थोरली पिढीही घरातच आहे. एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांचे टू-जी चालू आहे, कारण बटणांचा फोन वापरणारे शेतकरी, मजूर, म्हातारी माणसे त्यावरच बोलतात. आणि फाइव्ह-जी फोनवरून आज देवनागरीत एसएमएस पाठवला, तरी एका संदेशात अक्षरे बसतात ती ७०च.