अल्पवयीन मुलीचा गर्भपात आणि पालकांची संमती (भारत)

भारतात १८ वर्षांखालील मुलीचा गर्भपात करण्यासाठी तिच्या पालकाची लेखी संमती आवश्यक असते. ही तरतूद वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ च्या कलम ३(४) मध्ये आहे. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिची स्वतःची संमती पुरेशी असते. पती किंवा आईवडिलांच्या संमतीची अट नाही. अल्पवयीन मुलगी आणि तिचे पालक यांच्यात मतभेद झाल्यास काय करावे, हे मात्र अधिनियमात सांगितलेले नाही.

पार्श्वभूमी

भारतीय दंड संहिता, १८६० च्या कलम ३१२ नुसार स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी केलेला गर्भपात वगळता अन्य गर्भपात गुन्हा होता. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये ही तरतूद कायम आहे. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये नेमलेल्या समितीने १९६६ मध्ये अहवाल दिला. त्यावर आधारित अधिनियम १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुली व बलात्कारपीडितांसह काही गटांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढविण्यात आली.

पालक कोण?

अधिनियमानुसार अल्पवयीन व्यक्तीची देखभाल ज्याच्याकडे आहे तो पालक होय. ही व्याख्या जन्मदात्यांपुरती मर्यादित नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार मात्र विवाहित अल्पवयीन मुलीचा नैसर्गिक पालक पती असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये १८ वर्षांखालील पत्नीशी केलेला शरीरसंबंध बलात्कार ठरविला. त्यामुळे एका कायद्याने पालक असलेला पती दुसऱ्या कायद्याने आरोपी ठरू शकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह १८ वर्षांपूर्वी झाल्याचे आढळले.

न्यायालयीन निर्णय

* सुचिता श्रीवास्तव प्रकरण (२००९) : प्रजननाविषयीचा निर्णय हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरला. शासन पालक असले तरी सौम्य मतिमंदत्व असलेल्या सज्ञान स्त्रीच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय झाला.
* एक्स विरुद्ध प्रधान सचिव (२९ सप्टेंबर २०२२) : पॉक्सो अधिनियमाच्या कलम १९ नुसार पोलिसांना माहिती देताना, मुलीने व पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी तिची ओळख उघड करण्याची गरज नाही.
* ए (एक्सची आई) विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०२४) : १४ वर्षांच्या बलात्कारपीडितेच्या गर्भपातास मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता. २२ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. परंतु गर्भ सुमारे ३० आठवड्यांचा झालेला असताना पालकांनी प्रसूतीचा पर्याय निवडला आणि २९ एप्रिल रोजी आदेश मागे घेण्यात आला. मुलगी व पालक यांची मते भिन्न असल्यास मुलीचे मत महत्त्वाचा घटक मानावे, असे न्यायालयाने नमूद केले.

संशोधनाचे विषय

गर्भपात योग्य की अयोग्य, हा प्रश्न एका प्रबंधात मावणारा नाही. म्हणून अभ्यासाचा प्रश्न कायदेविषयक, नीतिविषयक की प्रत्यक्ष पाहणीचा, हे आधी ठरवावे लागते. पालकांची संमती हे मुलीचे संरक्षण आहे की पालकांचा अधिकार, हा नीतिविषयक प्रश्न झाला. संमती व पोलिसांना कळविण्याची अट यांमुळे उपचारास किती दिवस विलंब होतो, हा पाहणीचा प्रश्न होय.

मराठवाड्यात या प्रश्नाला स्थानिक पैलू आहेत. ऊसतोडीच्या हंगामात आईवडील अनेक महिने परगावी असतात व मुली आजीआजोबांकडे राहतात. अशा वेळी आजीची संमती रुग्णालये ग्राह्य धरतात काय, हे तपासता येते. उमरी, धर्माबाद किंवा नायगावसारख्या तालुक्यांतून मुदत उलटलेले प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे न्यावे लागते. तेथवर जाण्यात गेलेला वेळ हाही अभ्यासाचा विषय ठरतो.

अशा संशोधनाला स्वतःच्याही मर्यादा आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्पवयीन सहभागीच्या होकाराबरोबर सर्वसाधारणपणे पालकाचीही संमती लागते. परिणामी, पालकांपासून गर्भधारणा लपविणाऱ्या मुली पाहणीतून वगळल्या जाऊ शकतात. शिवाय पॉक्सोच्या कलम १९ चे बंधन संशोधकावरही असल्याने मुलीला पूर्ण गोपनीयतेचे आश्वासन देता येत नाही. या कारणाने सज्ञान झालेल्या स्त्रियांचे पूर्वानुभव, डॉक्टरांच्या मुलाखती किंवा न्यायालयीन निकाल यांवर आधारित प्रश्न निवडणे अधिक सुरक्षित असते.

हेही पहा

* पॉक्सो अधिनियम
* बालविवाह
* शांतिलाल शाह समिती