इंधनप्रणालीतील दोष आणि गाड्यांचे ‘रिकॉल’ : वाहनधारकांचे हक्क व दक्षता

ऑक्टोबर २०२४ मध्ये होंडा कार्स इंडिया या कंपनीने इंधन पंप बदलण्यासाठी ९०,४६८ गाड्या परत बोलावल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी मार्च महिन्यात मारुती सुझुकीने ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर गाड्यांबाबत असाच निर्णय घेतला होता. अशी वृत्ते अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि लवकरच विस्मरणातही जातात. सदोष भाग बसवलेली गाडी मात्र मालक ती कार्यशाळेत नेईपर्यंत तशीच धावत राहते. ‘रिकॉल’ म्हणजे काय, त्यामागील कायदा कोणता आणि आपली गाडी त्यात आहे की नाही हे कसे ओळखावे, याची माहिती म्हणूनच प्रत्येक वाहनधारकास असणे आवश्यक आहे.

रिकॉल म्हणजे काय?

वाहनाच्या रचनेत, सुट्या भागात किंवा जोडणीत सुरक्षिततेला बाधक ठरेल असा दोष आढळल्यास, त्या दोषाची शक्यता असलेली सर्व वाहने बोलावून उत्पादकाने स्वखर्चाने दुरुस्त करणे, यास रिकॉल म्हणतात. गाडी कायमची परत घेतली जाते, असा त्याचा अर्थ सहसा नसतो. बहुतेक वेळा अधिकृत कार्यशाळेत भागाची तपासणी होते, गरज असल्यास तो बदलला जातो आणि गाडी मालकाच्या ताब्यात दिली जाते. हे काम विनामूल्य असते. वॉरंटी संपली आहे किंवा गाडी दुसऱ्या मालकाकडे आहे, या कारणांनी ते नाकारता येत नाही.

दोषाचे दोन प्रकार

इंधनप्रणालीतील दोष स्थूलमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार गळतीचा. फेब्रुवारी २०१० मध्ये मारुती सुझुकीने सुमारे एक लाख ए-स्टार गाड्या इंधन पंपाचे गॅस्केट बदलण्यासाठी बोलावल्या. एप्रिल २०१४ मध्ये अर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर मिळून १,०३,३११ गाड्यांच्या इंधन भरण्याच्या नळीत (फिलर नेक) दोष असल्याचे कंपनीने कळवले. नोझल आपोआप बंद झाल्यानंतरही टाकी आणखी भरल्यास इंधनाचा वास येण्याची वा गळती होण्याची शक्यता त्या गाड्यांत होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ४०,६१८ वॅगनआर गाड्या बोलावण्यात आल्या. त्यांत इंधनाची नळी धातूच्या क्लॅम्पला घासण्याचा संभव होता. गळालेले पेट्रोल तापलेल्या भागाच्या वा ठिणगीच्या संपर्कात आल्यास आग लागू शकते, हा या प्रकारातील धोका.

दुसरा प्रकार इंधनाचा पुरवठा अकस्मात थांबण्याचा. अलीकडच्या वर्षांतील मोठी रिकॉल याच प्रकारची आहेत. आधुनिक पेट्रोल गाडीत विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच बसवलेला असतो. त्यातील इम्पेलर हे लहानसे पातेदार चक्र वेगाने फिरून पेट्रोल दाबाखाली इंजिनकडे ढकलते. हे चक्र प्लॅस्टिकचे असते आणि सतत पेट्रोलमध्ये बुडालेले असते. त्याची घनता कमी पडल्यास त्याला सूक्ष्म तडे जातात, ते इंधन शोषून फुगते आणि पंपाच्या आवरणाला घासू लागते. परिणामी पंप अडकतो. मग गाडी सुरू होत नाही किंवा चालता चालता इंजिन बंद पडते.

जपानच्या डेन्सो या कंपनीने बनवलेल्या पंपांतील याच दोषामुळे २०२० पासून टोयोटा, होंडा आदी कंपन्यांना जगभरात लाखो गाड्या बोलवाव्या लागल्या. जपानमधील तोत्तोरी प्रांतात २०२३ मध्ये द्रुतगती मार्गावर बंद पडलेल्या होंडाच्या एका लहान गाडीला मागून धडक बसली आणि एकाचा मृत्यू झाला. ही दुर्घटना इंधन पंपातील बिघाडाशी जोडली गेली.

इंजिन बंद पडणे ही किरकोळ गैरसोय वाटू शकते. पण स्थळ बदलले की तिचे स्वरूप पालटते. चोर्ला किंवा अनमोड घाटातील चढणीवर, झुआरी पुलावर वा महामार्ग ६६ वर भरधाव वाहनांच्या रांगेत गाडी थांबली, तर मागून येणाऱ्या चालकास सावरण्यास क्षणभराचाच अवधी मिळतो. इंजिन थांबल्यावर ब्रेकना मिळणारे साहाय्यही काही वेळा दाबल्यानंतर संपते आणि पेडल जड होते.

एकदा दुरुस्ती झाली, तरी पुन्हा तपासणी

होंडाने जून २०२० मध्ये ६५,६५१, एप्रिल २०२१ मध्ये ७७,९५४ आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्या इंधन पंपासाठी बोलावल्या. शेवटच्या मोहिमेत २,२०४ गाड्या अशा होत्या, की ज्यांत तो पंप पूर्वी सुटा भाग म्हणून बदलण्यात आला होता. म्हणजे गाडी जुन्या वर्षाची असली, तरी तिच्यात नंतर बसवलेला पंप सदोष असू शकतो.

मारुतीचे उदाहरणही बोलके आहे. जुलै २०२० मध्ये कंपनीने ५६,६६३ वॅगनआर आणि ७८,२२२ बलेनो इंधन पंपासाठी बोलावल्या. त्यांतील बलेनो ८ जानेवारी ते ४ नोव्हेंबर २०१९ या काळात तयार झालेल्या होत्या. मार्च २०२४ मधील रिकॉलही ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळातील गाड्यांसाठीच होते. केवळ निर्मितीचे वर्ष पाहून निर्धास्त राहता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

कायदा काय सांगतो?

वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने जुलै २०१२ मध्ये स्वेच्छा रिकॉलची आचारसंहिता लागू केली. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मधील कलम ११०-ए मुळे या विषयास कायद्याचे अधिष्ठान मिळाले. पर्यावरणास, चालकास, प्रवाशांस किंवा रस्त्यावरील इतरांस अपाय होईल असा दोष आढळल्यास केंद्र सरकार उत्पादकास वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. दोष स्वतःहून कळवून रिकॉल सुरू करणाऱ्या उत्पादकास दंडातून सूट आहे.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ही तरतूद सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना लागू होते आणि सक्तीच्या रिकॉलसाठी दहा लाख ते एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी कारवाईसाठी तक्रारींची किमान संख्या विक्रीच्या प्रमाणात ठरवलेली आहे. वर्षाला दहा हजारांहून अधिक विक्री होणाऱ्या मोटारींसाठी ती १,२५० आहे. गोव्यासारख्या लहान राज्यातून एकाच मॉडेलबाबत इतक्या तक्रारी जमणे दुरापास्त. म्हणूनच येथील वाहनधारकाने पंप बदलून गप्प न बसता आपली तक्रार केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या रिकॉल पोर्टलवर नोंदवणे महत्त्वाचे ठरते. शेजारच्या गॅरेजात मिटलेला बिघाड देशपातळीवरील मोजणीत कधीच येत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

रिकॉलची सूचना कंपनीकडे नोंदवलेल्या पत्त्यावर व दूरध्वनीवर जाते. समजा, भोपाळच्या सोनागिरी वसाहतीतील एका कुटुंबाने घेतलेली गाडी दोन हात बदलून म्हापशात आली. कंपनीच्या दप्तरी मूळ मालकाचाच पत्ता राहिला असेल, तर पत्र सोनागिरीत पोहोचेल आणि सध्याचा मालक अनभिज्ञ राहील. गाडीची गोव्यात फेरनोंदणी झाली की एमपी-०४ ऐवजी गोव्याचा क्रमांक मिळतो. नोंदणी क्रमांक असा बदलतो, पण चॅसिस क्रमांक बदलत नाही, आणि रिकॉलची तपासणी याच क्रमांकावरून होते.

वाहनधारकाने काय करावे?

• नोंदणी प्रमाणपत्रावरील (आरसी) १७ अक्षर-अंकी चॅसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर भरून पाहावा किंवा अधिकृत कार्यशाळेत दाखवावा. ही तपासणी वर्षातून किमान एकदा करावी.

• जुनी गाडी विकत घेण्यापूर्वीच ही चौकशी करावी आणि घेतल्यावर कंपनीकडे आपला पत्ता व दूरध्वनी नोंदवावा.

• रिकॉलखालील काम झाल्यावर त्याची लेखी नोंद मागून घ्यावी. कामासाठी पैसे मागितल्यास कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राकडे लेखी तक्रार करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही दाद मागता येते.

• गाडी सुरू होण्यास वेळ लागणे, चढावर जोर कमी पडणे, मागील आसनाखालून सतत घरघर ऐकू येणे किंवा पेट्रोलचा वास येणे, ही लक्षणे दिसताच गाडी तपासून घ्यावी. वास येत असल्यास इंजिन सुरू करू नये.

• पेट्रोल पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘राऊंड फिगर’साठी आणखी इंधन भरण्याचा आग्रह धरू नये.

• चालत्या गाडीचे इंजिन बंद पडल्यास किल्ली काढू नये, कारण त्यामुळे स्टिअरिंग कुलूपबंद होऊ शकते. धोक्याचे दिवे लावून, ब्रेक वारंवार न दाबता एकदाच घट्ट धरून, गाडी डाव्या कडेला घ्यावी. प्रवाशांना रस्त्यापासून दूर उभे करून धोकादर्शक त्रिकोण मागे ठेवावा.