पीपीपी म्हणजे काय? ठरावाला हात वर करण्याआधी वाचा

‘पीपीपी तत्त्वावर दवाखाना होणार, पाणी योजना होणार,’ असं आपण ऐकतो. पीपीपी म्हणजे सार्वजनिक-खासगी भागीदारी. जागा बहुतेक वेळा सरकारची किंवा ग्रामपंचायतीची, पैसा कंपनीचा. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या प्रकारात कंपनी ठरलेली वर्षं फी किंवा भाडं घेते आणि मुदत संपली की सुविधा परत देते. म्हणजे काम फुकट होत नाही.

फी घेऊनही खर्च निघत नसेल, अशा कामांसाठी केंद्राची ‘व्यवहार्यता तफावत निधी’ योजना आहे. २०२० मधील बदलानुसार पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा, आरोग्य व शिक्षण प्रकल्पांना केंद्राकडून खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि राज्याकडून तेवढीच मदत मिळू शकते.

ग्रामसभेत एवढं विचाराच :
• करार किती वर्षांचा?
• दर कोण ठरवणार, वाढ कशी होणार?
• दुरुस्ती कोणाकडे?
• कंपनी मधेच सोडून गेली तर काय?

उत्तरं तोंडी नकोत, करारात लिहिलेली हवीत. जागा गावाची आहे, आणि २०-३० वर्षांचा करार आपल्या पोराबाळांनाही बांधून ठेवतो.