शेवाळाला कामाला जुंपणारी जाळी

१/ जळगावच्या केळीबागेत शेवाळ म्हणजे ठिबकचा वैरी. वाळूचा फिल्टर बसवतात तो बऱ्याच अंशी त्याच्याचसाठी. प्रवाळांच्या काचपेटीत मात्र हाच वैरी स्वतः गाळणी होतो.

२/ ही युक्ती स्मिथसोनियन संस्थेतील शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांची. पेटंट १९८२ चे. प्रवाळभित्तींवरील आखूड शेवाळ पाण्यातला नायट्रोजन व फॉस्फरस शोषून वाढते, हे त्यांनी हेरले. जाळीवर पाणी खेळवायचे, वर प्रखर दिवा लावायचा. वाढलेले शेवाळ खरवडून फेकले की त्याने शोषलेला मळही पेटीबाहेर!

३/ पुढे हौशी मंडळींनी घरीच भरतकामाची प्लास्टिक जाळी खरखरीत करून चिरलेल्या नळीखाली टांगली. धुळ्यात समुद्र कुठला? खारे पाणी बादलीत मीठ कालवूनच करायचे. म्हणूनच ते वरचेवर बदलण्याची गरज कमी करणारी ही जाळी तिथे अधिक मोलाची.