विजेचा वेग आणि प्रकाशाचा वेग

वळवाचे ढग मलंगगडाच्या व चंदेरीच्या शिखरांवर जमू लागले म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ह्या तिन्ही गावांतील माणसे दारात येऊन आभाळाकडे पाहतात. प्रथम लखलखाट होतो, मागाहून गडगडाट येतो. प्रकाश शीघ्रगामी आणि ध्वनी मंदगामी, हे शाळेतील मूलही सांगेल. परंतु ह्या दोहोंहून निराळी अशी जी प्रत्यक्ष वीज, तिचा वेग किती? आपल्या भाषेत वीज ही वेगाची परमावधी मानली आहे. त्यामुळे वीज आणि तिचा प्रकाश एकाच वेगाने धावतात, असे सुशिक्षितांसही वाटते. ही समजूत कशी बनली व कशी मोडली, हे येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे.

प्रकाशास प्रवासाला काळ लागतो, हे १६७६ साली रोमर ह्या डॅनिश ज्योतिर्विदाने गुरूच्या एका चंद्राच्या ग्रहणांवरून दाखविले. आज तो वेग सेकंदास सुमारे ३,००,००० किलोमीटर ठरला आहे. विजेची पाळी बऱ्याच उशिरा आली. १८३४ साली इंग्लंडात व्हीटस्टन ह्याने सुमारे अर्धा मैल लांबीची तार घेतली आणि तिच्यात पडणाऱ्या ठिणग्या गरगर फिरणाऱ्या आरशात पाहून विजेचा वेग काढला. तो निघाला सेकंदास २,८८,००० मैल! प्रकाशाचा वेग सुमारे १,८६,००० मैल. म्हणजे वीज प्रकाशासही मागे टाकते, असा निष्कर्ष झाला. पुढे १८५० साली फ्रान्समध्ये फिझो व गुनेल ह्यांनी खऱ्याखुऱ्या तारायंत्राच्या तारांवर प्रयोग केले, तेव्हा लोखंडी तारेत हा वेग प्रकाशाच्या सुमारे एकतृतीयांश भरला व तांब्याच्या तारेत त्याहून अधिक, पण प्रकाशाहून कमीच.

इकडे १८५४ साली मुंबई व कलकत्ता ही शहरे तारेने जोडली गेली. त्याच वर्षी आगगाडी कल्याणास पोहोचली, आणि १८५६ साली अंबरनाथ-बदलापुरावरून पळसदरीपर्यंत गेली. आभाळातील वीजच माणसाची जासूद झाली, असे लोकांस वाटले असल्यास नवल नाही. तारेतून जाणाऱ्या शक्तीस आणि मेघांतून पडणाऱ्या आगीस आपण एकच नाव देतो. तथापि दोघींच्या प्रवासात मोठा भेद आहे. तारेतील विजेस वाट तयार मिळते. मेघातील विजेस हवा फोडून आपली वाट आपणच करावी लागते.

ही वाट कशी होते, ते छायाचित्राने दाखविले. चार्ल्स बॉइज ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने फिरत्या भिंगांचा कॅमेरा बनविला. १९३० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेत शॉनलँड व त्याच्या सहकाऱ्यांनी तशाच कॅमेऱ्याने विजेची उतरण टिपली. तेव्हा असे दिसले की, ढगातून प्रथम एक अंधूक धारा निघते आणि अडखळत, सुमारे पन्नास-पन्नास मीटरांच्या पायऱ्यांनी खाली येते. तिचा सरासरी वेग सेकंदास सुमारे २०० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाचा पंधराशेवा हिस्सा. ती जमिनीजवळ आली की वाट पुरी होते, आणि मग डोळे दिपविणारा लोळ त्याच वाटेने खालून वर धावतो. त्याचा वेग मात्र प्रकाशाच्या सुमारे एकतृतीयांश असतो. वीज पडली असे आपण म्हणतो. पण जो लखलखाट आपण पाहतो, तो वस्तुतः वर चढत असतो.

हे आकडे आपल्या अंगणात आणून पाहू. बदलापूरपासून उल्हासनगर लोहमार्गाने सुमारे १० किलोमीटर. एवढे अंतर कापण्यास प्रकाशाला सेकंदाचा तीस हजारावा भाग पुरतो. वर चढणाऱ्या लोळाच्या वेगाने दहा हजारावा भाग लागेल. उतरत्या धारेच्या वेगाने विसावा भाग. आणि ध्वनीस जवळजवळ तीस सेकंद. आणखी एक हिशेब पाहावा. अंबरनाथचे शिवालय शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील. त्या वर्षी निघालेला प्रकाशकिरण आजवर साडेनऊशेहून अधिक प्रकाशवर्षे दूर गेला आहे. त्याच दिवशी विजेची उतरती धारा त्याच्यासवे निघती, आणि अशीच अखंड चालती, तर ती अद्याप एक प्रकाशवर्षही चालली नसती. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा तर सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे!

ह्या ज्ञानाचा संसारात उपयोग काय, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात दरवर्षी विजेने माणसे मरतात, आणि त्यांत उघड्या शेतात राबणारे पुष्कळ असतात. वीज प्रकाशाहून मंद असली, तरी त्या मंदपणाने जो सेकंदाचा अंश मिळतो, त्यात कोणासही पळता येत नाही. सावध करतो तो ध्वनीच. लखलखाट व गडगडाट ह्यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल, तर संकट दहा किलोमीटरांच्या आत आहे असे समजून पक्क्या घरात जावे, झाडाखाली थांबू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था हेच काम सूक्ष्म मापाने करते. विजेतून निघणाऱ्या रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने निरनिराळ्या केंद्रांवर पोहोचतात. त्यांच्या वेळांतील सूक्ष्म अंतरावरून वीज कोठे कोसळली, हे ती ठरविते. ज्याच्या घरी असले साधन नाही, त्याच्यापाशीही बोटे आहेत. लखलखाट होताच एक, दोन, तीन असे मोजण्यास मुलांस शिकवावे, एवढेच आमचे वाचकांस सांगणे आहे.