वैद्यकीय खर्च : सोनपेठ परिसर
परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात गंभीर आजाराचा खर्च बिलाआधीच सुरू होतो. तज्ज्ञ डॉक्टरांसाठी परभणी, अंबाजोगाई किंवा लातूर गाठावे लागते. गाडीभाडे आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी हिशेबात सहसा धरली जात नाही. महागड्या तपासण्या, ब्रँडची औषधे, मधुमेहासारखे जन्मभराचे आजार ही खर्च वाढण्याची इतर कारणे. हा भार हलका करण्यासाठी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली; परभणीला ती २०१३ च्या नोव्हेंबरात मिळाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. योजनेतील दीड लाख रुपयांचे संरक्षण पुढे पाच लाखांवर गेले. भर मात्र भरती होऊन घेतलेल्या उपचारांवरच. रोजच्या गोळ्यांचा भार घरावर राहतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले. त्याच वर्षी परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.